माझ्या नळीतली माती

मी तिफण बोलतेय, आणि मध्ये कुणी बोललेलं मला खपत नाही. चाळीस वर्षं गप्प बसलेय. उद्या सकाळी भंगारवाला येणार आहे, तेव्हा जे बोलायचं ते आजच.

तिफण म्हटलं की तुम्हाला बाभळीच्या लाकडाची, बैलामागं चालणारी आठवेल. ती माझी आजी. मी लोखंडाची. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या बोळात गुरुबसप्पाचा कारखाना आहे, तिथं माझा जन्म झाला. मी पहिली. माझ्यावरून पुढच्या चाळीस झाल्या. त्या चाळीसही रानात गेल्या, मातीत राबल्या, झिजल्या. मी मात्र या मागच्या खोलीत आहे. खिडकी नाही. दाराच्या फटीतून दुपारी बोटभर ऊन येतं आणि माझ्या मधल्या फणापर्यंत पोचायच्या आत परत जातं. एवढाच माझा शेजार.

माझ्या मधल्या नळीत मूठभर काळी माती अडकलेली आहे. आता ती दगडासारखी झालीय. तिचीच ही कथा.

बहात्तरच्या दुष्काळाला दहा वर्षं झाली होती आणि पावसानं पुन्हा तोंड फिरवलं होतं. मृग गेला, आर्द्रा गेली, श्रावणातही धुरळा उडत होता. खरीप हातचं गेलं. लोकांची सगळी भिस्त आता रब्बीवर, एका ज्वारीच्या पेरणीवर. आणि त्याच साली लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघून जिल्हा होणार होतं. गावभर चुना लागत होता. प्यायला पाणी नव्हतं, पण कमानी उभ्या राहत होत्या. माणसाची जातच तशी. पोट खपाटीला गेलं तरी मिरवणूक हवी.

नव्या जिल्ह्याच्या निमित्तानं शेतीच्या अवजारांचं प्रदर्शन भरणार असं ठरलं, आणि गुरुबसप्पाच्या डोक्यात माझा किडा शिरला.

आधी पेरणी कशी व्हायची ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पुढं गडी बैल हाकायचा. मागं बाई चालायची, ओटीत बी घेऊन. तिफणीवर लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. बाई चाड्यावर मूठ धरून बोटांतून बी सोडत जायची, ते तीन नळ्यांतून तीन तासांत, म्हणजे फणांनी काढलेल्या तीन ओळींत पडायचं. दिवसभर वाकून, पायाखाली ढेकळं, मुठीला फोड. गुरुबसप्पानं काय केलं? चाड्याच्या जागी पत्र्याची पेटी बसवली. बाजूला चाक. चाक फिरलं की पेटीतला भोकांचा रूळ फिरणार आणि बी आपोआप नळ्यांत पडणार. वर झाकण. मागं बाईची गरज नाही. पाटीवर त्यानं लिहूनच घेतलं होतं: ‘एक गडी, एक बैलजोडी, पेरणी पूर्ण.’

मला घडवलं ते हनीफ मिस्त्रीनं. हाताला चटके, मिशीला लोखंडाचा भुगा, आणि बोलणं तोलून. मला तो पहिल्या दिवशीच म्हणाला होता, “बेटी, तुला एक पेरणी बघू दे, मग तुझ्या बहिणी करतो.” एक अख्खी पेरणी. त्याचा हिशेब तेवढा साधा होता.

पण गुरुबसप्पा नांदेडला गेला आणि घामाघूम होऊन परत आला. “मिस्त्री, नांदेडात एक जण हेच करून राहिला! आपल्या आधी त्यानं काढलं तर आपण काय घंटा वाजवायची?”

“मालक, ओल्या रानात चालवून बघितल्याबिगर...”

“ओलं रान कुठून आणू? आभाळाला विचारू? सहा हप्ते हायेत. चाळीस नग. जिल्हा काय माझ्यासाठी थांबणार हाय का?”

मग सुरू झाली धावपळ. मला कोरड्या रानात नेलं, धुरळ्यात ओढलं. तिन्ही नळ्यांतून ज्वारी अशी पडली की जणू मोती ओवले. रूळ खटखट खटखट वाजत होता. गुरुबसप्पानं फोटो काढून घेतला. मीही फुगले होते, खोटं कशाला सांगू? आपल्याला कुणी नावाजलं की आपल्या पोटात काय अडकू शकतं हे आपल्याला दिसत नाही.

एकच जण नावाजायला तयार नव्हतं. शरणम्मा.

शरणम्मा गुरुबसप्पाची थोरली बहीण. शिरूर अनंतपाळकडं दिली होती. नवरा लवकर गेला, तरी सोळा एकर रान एकटीनं राखलं. तीस वर्षं चाड्यावर मूठ धरली. शाळेचं तोंड बघितलं नाही. किराणाच्या पुड्यांचे कागद जुळवून जुळवून वाचायला शिकली आणि मग कुणाचं ऐकेना. गुडघे गेल्यावर भावाकडं आली. सगळा कारखाना तिला अक्का म्हणायचा आणि ती दिसली की विड्या विझवायचा.

तिनं माझा फोटो बघितला आणि म्हणाली, “कोरड्या भुईत तर कोंबडीबी पेरणी करती, गुरू. ओल्यात चालवली का?”

“अक्का, चार दिसांआड टँकर येतो. प्यायला पाणी न्हाई अन् मातीला पाजू?”

“लोक हिला कोरड्यात पेरणार हायेत का? हस्ताचा पाऊस पडंल, वाफसा येईल, भुई पेरणीजोगी वली होईल, तवाच जुंपतील ना? मग?”

“मग काय? लोखंड हाय ते. चालंल.”

“लोखंडाला अक्कल असती तर तुला कशाला ठेवलं असतं?”

कारखान्यात कुणी हसलं नाही, कारण दोघांकडूनही पगार कापला जायची भीती.

त्या दिवसापासून अक्कानं आपल्या वाट्याच्या पाण्यातली एक-एक कळशी बाजूला काढायला सुरुवात केली. लिंगपूजेपुरतं तांब्याभर ठेवायची, अंघोळ ओल्या फडक्यावर. बारा दिवसांत मागच्या रांजणात पाणी साठलं. ओळखीच्या गाडीवानाकडून गाडीभर काळी माती आणवली. आणि एका सोमवारी, कारखाना बंद असताना, हनीफला बोलावून घेतलं.

अंगणात माती पसरली, रांजण रिता केला. एवढं पाणी एका जागी ओतलेलं बघून हनीफनं कानाला हात लावला. “अक्का, गुनाह वाटतो.”

“गुनाह पुढं हाय, मिस्त्री. वढा.”

माती मुरेपर्यंत दोघं थांबले. मग बैलाच्या जागी हनीफ जुंपला गेला. अक्का मागून चालली, गुडघा धरत, मोडकं कंबरडं सावरत. पहिलं पाऊल बरं गेलं. दुसरंही. तिसऱ्याला मला माझ्या मधल्या फणाशी काहीतरी गार, चिकट चढत आल्यासारखं झालं. काळी माती नळीच्या तोंडात शिरली आणि तिनं तोंडच मिटलं. वरून बी येत होतं, खाली जात नव्हतं. नळी भरली. मग पेटीच्या सांध्यातून दाणे वरच्या वर सांडायला लागले, पाखरांसाठी वाढल्यासारखे. आणि रूळ? तो खटखट खटखट वाजतच होता. अगदी नीट.

“थांबा,” अक्का म्हणाली. तिनं झाकण उघडलं नाही, नळीला हात लावला नाही. ती नुसती आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिली. “मिस्त्री, चाड्यावर मूठ असली ना, की नळी तुंबली तर बी माघारी येतं, बोटाला लागतं. लगीच कळतं. तुम्ही ते बोटच काढून टाकलं. आता कुणाला कळणार?”

हनीफ खाली बसला. “गडी तर पुढं बघून चालणार. मागं कोणच न्हाई.”

“अन् आवाज तर येतोय.”

तेवढ्यात गुरुबसप्पा आला. ओली माती, रिकामा रांजण, सांडलेली ज्वारी, सगळं त्याला एका नजरेत कळलं. तो मूर्ख नव्हता. प्रदर्शनाला चार दिवस होते. चाळीस जणींना लाल रंग लागून झाला होता.

“दुरुस्तीला किती दिस?” त्यानं हनीफला विचारलं.

“मालक, फणाचं टोक बदलायचं, नळीचं वळण बदलायचं... महिना तर लागंल.”

गुरुबसप्पानं रंगवलेल्या रांगेकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, “हिला मागच्या खोलीत टाका. अशीच. धुऊ नका, वेळ न्हाई. कुणाला दिसायला नको.”

“गुरू!” अक्का ओरडली.

“अक्का, पोलादवाला उधारी मागत दारात बसलाय. मी अडकलोय. तुला कळत न्हाई.”

“मला कळतंय. तू अडकलास, म्हणून तू लोकांना अडकवतोस.”

कुलूप लागलं. किल्ली त्याच्या करदोट्याला गेली. मी अंधारात उभी, ओली माती नळीत घट्ट धरून. बाहेर बहिणींना गाडीत चढवल्याचा आवाज आला. मला ओरडायचं होतं. तुम्हाला लोखंडाचं ओरडणं माहीत नाही. ते म्हणजे गंज.

चाळीसच्या चाळीस विकल्या गेल्या. भिंतीपलीकडं पेढे वाटले, ते मी ऐकलं. नांदेडवाला प्रदर्शनाला पोचलाच नाही, त्याचा नग तयार नव्हता. “बघितलं?” गुरुबसप्पा सगळ्यांना सांगत होता, “पहिला येईल त्याचा बाजार!” आणि खरं बोलायचं तर त्या आठवड्यात तो खोटं बोलत नव्हता.

आठव्या दिवशी दारापाशी अक्काचा आवाज आला. “किल्ली दे. माझं करडईचं पोतं आत हाय.”

“नंतर काढू.”

“आत्ता. का बहिणीच्या पोत्यालाबी जप्ती?”

दार उघडलं. उजेड आला आणि अक्का दारातच थबकली. ती माझ्याकडं बघत होती आणि मी पहिल्यांदा स्वतःकडं बघितलं. त्या आठ दिवसांत अंधारात माझ्या नळीतल्या ओलीवर ज्वारी उगवली होती. हिरवी नव्हे, पांढरीफटक, दोऱ्यासारखी बारीक. नळीच्या वरच्या तोंडातून कोंब बाहेर लोंबत होते, दाराच्या फटीकडं वळलेले.

“गुरू,” ती हळू बोलली. ती हळू बोलते तेव्हा भिंती ऐकतात. “इकडं ये. तुझं पीक आलंय, बघ.”

गुरुबसप्पा आला. बघितलं. खाली बसला. त्यानं एक कोंब बोटानं धरला, तो लगेच तुटला.

“लोकांच्या रानात उगवायचं ते हिच्या नळीत उगवलं,” अक्का म्हणाली. “चाळीस घरं. खरीप गेलंय. ही एकच पेरणी हाय त्यांच्याकडं. ही गेली तर वरीसभर काय खातील?”

“पैसे पोलादवाल्याला दिले, अक्का. आता परत कुठून करू?”

“तुला पैसे कोण मागतंय? मला हनीफ दे अन् एसटीचं भाडं दे. नळीला खिडकी पाडायची. कानशीनं, करवतीनं, दोन बोटाएवढी. बी पडताना दिसलं पाहिजे. अन् मागं कुणीतरी चाललं पाहिजे. नुसतं बघायला. हातात काडी घेऊन, तुंबलं की मोकळं कराया.”

“मागं माणूस लागलं तर यंत्र कशाला घेतलं म्हणतील!”

“बाईचं वझं कमी करायचं सोडून तू बाईच कमी केलीस. तिथंच चुकलास. मुठीचे फोड वाचले, वाकणं वाचलं, ते काय कमी हाय? तेवढंच सांग. खरं तेवढंच इक.”

गुरुबसप्पानं विक्रीची वही काढली, त्यात चाळीस नावं आणि गावं होती. ती त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या हातात ठेवली.

मग काय झालं ते मला रोज संध्याकाळी समजायचं, कारण दोघं परत येऊन माझ्याच खोलीत करवती ठेवायचे. आधी औसा, मग निलंगा, उदगीर, नायगाव. अक्का एसटीत पहिल्या बाकावर, पिशवीत कानशी. गावात उतरून सरळ सांगायची, “आमच्या कारखान्यानं चूक केलीया, ती दुरुस्त कराया आलोय.” कुणी चहा पाजला. कुणी शिव्या दिल्या. एकानं तर विचारलं, “म्हातारे, नांदेडवाल्यानं पाठवली काय आमचं यंत्र मोडाया?” हनीफ हसून हसून सांगत होता. “अक्का त्याला म्हणल्या, मोडायलाच आले असते तर करवत कशाला आणली असती, नुसतं बोलून मोडलं असतं.”

मी दुरुस्त झालेल्या बहिणी मोजत होते. पंचवीस. अठ्ठावीस. एकतीस झाल्या.

आणि पाऊस आला. मृगापासून ज्याची वाट बघितली तोच पाऊस, आणि मी पहिल्यांदा म्हटलं, थांब रे, नऊ राहिल्या. मुखेडकडच्या नऊ. रस्त्यातला ओढा भरला, एसटी बंद. वाफसा काय कुणासाठी थांबतो? नऊ जणांनी जुंपलं.

बारा दिवसांनी मुखेडजवळच्या एका खेड्यातला रेवणसिद्ध नावाचा शेतकरी आला. उपरण्यात माती बांधून आणली होती. तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गाठ सोडून माती गुरुबसप्पापुढं ठेवली आणि म्हणाला, “मालक, तुमच्या यंत्राचा आवाज लई चांगला व्हता. खटखट खटखट. त्या आवाजाच्या नादानं मी चार एकर चाललो. मागं वळून बघितलंच न्हाई. रान समदं टकलं पडलंय.”



अक्कानं त्याला आधी पाणी दिलं. मग म्हणाली, “वल हाय का अजून?”

“खाली हाय. दोन एकरात. वरचे दोन वाळले.”

“चल.” ती त्याच्याबरोबर गेली. लाकडी तिफण जुंपली, आणि गुडघे गेलेली ती बाई तीन दिवस चाड्यावर मूठ धरून चालली. दोन एकर उगवले. दोन गेले. उरलेल्या आठ घरांना गुरुबसप्पानं घरटी ज्वारीची पोती दिली. पोलादवाल्याला देऊन जे काही उरलं होतं ते असं सगळं वाहून गेलं, वर थोडं घरातलंही गेलं.

आता तुम्ही विचाराल, मग घाई करू नये का? नांदेडवाल्याचं काय झालं? तो बुडाला असं मी सांगणार नाही. त्याचा नग महिन्यानं आला, तसाच बंद झाकणाचा, तोही खपला. त्यानं मोटार घेतली असं मी भिंतीआडून ऐकलं. तो कुणाच्या रानात गेला नाही. पण पुढच्या वर्षी मुखेडकडचा एकही माणूस त्याच्या दारात गेला नाही. पहिला आला रेवणसिद्ध, तोही आमच्याकडं. गुरुबसप्पाला म्हणाला, “नवं यंत्र दाखवा. पन अक्कांनी हात लावलेलं.”

कारण त्या उन्हाळ्यात अक्कानं अंगणात खड्डा खणून घेतला होता. काळ्या मातीचा, कायम ओला. हनीफनं चार महिन्यांत चार नमुने केले. त्यातले तीन त्या चिखलात मेले. चौथा चालला. वाटलं होतं त्यापेक्षा लवकर झाला सगळा कारभार, याचं गुरुबसप्पालाही नवल वाटलं. तो एकदा माझ्या दारात बसून म्हणाला, “अक्का, घाईनं मिळतं का जातं? मला अजून उमगलं न्हाई.”

“पेरणाऱ्यानं घाई करायचीच असती, गुरू. पन चुकायचं ते आपल्या अंगणात, लवकर लवकर चुकून घ्यावं. दुसऱ्याच्या रानात चुकलं की त्याचं भाडं आपण देतो, न्हाईतर तो देतो. कुणीतरी देतंच.”

मला वाटलं, आता मला बाहेर काढतील. धुतील. अक्कानं हनीफचा फडक्याचा हात धरला. “हिला खरवडू नका. नवा नमुना झाला की आधी हिच्यापुढं उभा करायचा, मगच खड्ड्यात.” मला कोंडलं भावानं, लपवायला. मला कोंडून ठेवलं बहिणीनं, दाखवायला. दोघांचंही मला पटतं, आणि दोघांचाही राग येतो. मी तिफण आहे हो. मला एकदा तरी पेरायचं होतं.

हनीफ गेला. गुरुबसप्पा गेला. अक्का तर केव्हाच गेली. तो खड्डा बुजवून त्यावर फरशी बसवली. पाहुण्यांच्या गाड्या लावायला.

आज कारखाना गुरुबसप्पाची नात शिवगंगा बघते. हुशार आहे, कडक आहे, चालीत अक्का आहे. ट्रॅक्टरला जोडायचं मोठं पेरणी यंत्र केलंय तिनं, किती बी पडलं त्याचा आकडा डब्यावर दिसतो. मघाशी ती दार उघडून आत आली, फोनवर बोलत.

“नांदेडवाले आपल्या आधी आणून राहिले, काका. पुढच्या हप्त्यात प्रदर्शन हाय. साठ नग घालवायचेच. टेस्ट? झाली की. कोरड्यात एकदम मस्त चाललं. पाऊस कुठं हाय ओल्यात बघायला? प्यायचा टँकरच उद्या येणार हाय.”

बोलता बोलता तिनं माझ्या नळीत बोट घातलं. माती टोकरली. “हे काय अडकलंय हिच्यात?” असं स्वतःशीच पुटपुटली. मग घड्याळ बघितलं, बोट पुसलं आणि भंगारवाल्याला फोन लावला. जागा रिकामी करायची आहे. साठ यंत्रं ठेवायची आहेत.

पोरी, मला ने. वितळव, मोड, माझी काही तक्रार नाही. तुझ्याहून थोरली आहे मी. पण जायच्या आधी मला एकदा अंगणात ओढ. त्या नव्या यंत्राशेजारी उभी कर. फरशी उचल. टँकर उद्या येणार आहे ना? त्यातली एक घागर माग, आपल्या वाट्याची.

आधी ओत. मग तुझ्या यंत्राचा आवाज ऐकू नकोस. मागं वळून बघ.